टॉलरन्स आणि अलाउन्स : ड्रॉइंगवरचे आणि पगाराच्या स्लिपवरचे

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. आकडे मात्र वाढवले आहेत, कारण ते नुसतं ऐकून लक्षात राहत नाहीत, डोळ्यांसमोर लागतात.)

आजचा सगळा भाग एका प्रश्नावर आहे. जुन्या सांगवीतल्या एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवलाय. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "सर, चाकणला एका कंपनीत इंटरव्ह्यूला विचारलं, टॉलरन्स आणि अलाउन्समध्ये फरक काय? मी म्हटलं, दोन्हीचा अर्थ 'किती चालेल' असाच आहे. साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. घरी येऊन डिक्शनरी बघितली, तर एकाला सहनशीलता आणि दुसऱ्याला भत्ता दिलंय. आता यातून मी काय समजायचं?"

डिक्शनरीत चूक नाही. चूक या मुलाचीही फारशी नाही. बोलण्यातल्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द 'चालवून घेणे' या अर्थाच्या जवळपास फिरतात. पण भोसरी-चाकणच्या पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाला ते रोज भेटतात, एकदा मशिनवर आणि एकदा महिन्याच्या सात तारखेला. दोन्ही ठिकाणी त्यांची गल्लत महाग पडते. म्हणून जरा सविस्तर बघू.

आधी कारखान्याच्या बाहेर जाऊ. शिंपी ब्लाउज बेततो तेव्हा अंगाच्या मापापेक्षा थोडं कापड जास्त ठेवतो. या जास्तीच्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. 'बाजूला दोन बोटं माया ठेवा हो, पुढे उसवता येईल,' असं आपल्या आया-मावश्या सांगत आल्यात. माया चुकून राहत नाही. ती विचार करून, मोजून ठेवतात, कारण पुढे तिचं काही काम असतं. हा अलाउन्स.

आता किराणा दुकानाचं जुनं बिल आठवा. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असायचं, 'चूकभूल देणे घेणे'. दुकानदाराला चूक करायची नसते. पण बेरीज करणारा माणूस आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच, हे दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं. हा टॉलरन्स. आणि गंमत बघा, देणे आणि घेणे असं दोन्ही लिहिलंय. म्हणजे प्लस-मायनस!

माया आणि चूकभूल. हे दोन शब्द डोक्यात ठेवा आणि आता ड्रॉइंगकडे या.

समजा, २५ मिलिमीटरचा बोअर आहे आणि त्यात एक पिन सरकती बसवायची आहे. हाताने ढकलली की गेली पाहिजे, पण खडखडायला नको. ड्रॉइंगवर २५ च्या पुढे लिहिलेलं असतं, बोअरसाठी कॅपिटल एच-७ आणि पिनसाठी स्मॉल जी-६. या अक्षरांचे आकडे कुठून येतात? लिमिट्स आणि फिट्सच्या तक्त्यातून. आपलं भारतीय मानक आयएस ९१९, जगाचं आयएसओ २८६, आकडे तेच. २५ च्या मापाला तक्ता असं सांगतो : बोअर २५.००० ते २५.०२१ च्या मध्ये हवा, आणि पिन २४.९८० ते २४.९९३ च्या मध्ये.

यात टॉलरन्स कुठला? बोअरला ०.०२१, म्हणजे २१ मायक्रॉन. पिनला १३ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. मशीन थरथरतं, टूल झिजतं, दुपारी शेड तापते. कितीही चांगला ऑपरेटर असला तरी लागोपाठ शंभर पिना एकाच मापाच्या निघत नाहीत. म्हणून ही चूकभूल आधीच मान्य केली.

आणि अलाउन्स कुठला? सगळ्यात लहान बोअर घ्या, २५.०००. सगळ्यात जाड पिन घ्या, २४.९९३. फरक ०.००७. हे सात मायक्रॉन म्हणजे माया. अगदी वाईट जोडी जुळली, बोअर तंग आणि पिन जाड, तरी एवढी फट उरणारच, अशी ती ठेवली आहे. पिन सरकायला आणि तेलाचा थर बसायला ती लागते.

इथे पहिला फरक हाताला लागतो. टॉलरन्स एकट्या पार्टचा असतो, अलाउन्स जोडीचा. नुसती पिन हातात घेऊन तुम्ही तिचा टॉलरन्स तपासू शकता. या अर्थाचा अलाउन्स नुसत्या पिनकडे बघून सांगताच येणार नाही, ती कशात बसणार हे माहीत असल्याशिवाय.

आता यातून एक प्रश्न, जो मी नव्या पोरांना हमखास विचारतो. एका ऑपरेटरने खूप मन लावून पिन अगदी बरोब्बर २५.००० ला आणली. मायक्रोमीटरवर शून्य, शून्य, शून्य. पिन पास की रिजेक्ट? बहुतेक जण पास म्हणतात. पिन रिजेक्ट आहे. वरची हद्द २४.९९३ आहे, ही सात मायक्रॉन जाड झाली. बोअर बरोब्बर २५.००० असेल तर मात्र तो पास. एकाच आकड्याला एकीकडे शाबासकी आणि दुसरीकडे लाल पेटी, कारण पिनच्या बाजूने माया आधीच कापून घेतलेली आहे.

आता त्याच बोअरमध्ये पिन कायमची ठोकून बसवायची असेल तर? मग जी-६ च्या जागी पी-६ येतं. पिन २५.०२२ ते २५.०३५. म्हणजे सगळ्यात बारीक पिनसुद्धा सगळ्यात मोठ्या बोअरपेक्षा एक मायक्रॉनने जाड. प्रेस लावावा लागणार. इथे अलाउन्स किती? २५.००० वजा २५.०३५, म्हणजे उणे ०.०३५. अलाउन्स असा उणे असू शकतो. टॉलरन्स कधीच उणे नसतो, कारण तो दोन हद्दींमधलं अंतर आहे.

शून्याचं काय? बोअर एच-७ आणि पिन एच-६ (स्मॉल एच) घेतली की पिनची वरची हद्दही २५.०००. अलाउन्स शून्य. हे नेहमीचं फिट आहे, तक्त्यात राजरोस दिलेलं. पण टॉलरन्स शून्य? असं ड्रॉइंग कुणी दिलं तर तो पार्ट जगातलं कुठलंच मशीन बनवू शकणार नाही. भिंतीवरच्या पोस्टरवर 'झिरो टॉलरन्स' लिहिलेलं असतं, हेल्मेटबद्दल किंवा लाचेबद्दल. तिथे ते ठीकच आहे, ते वागण्याबद्दल आहे. पण त्याच पोस्टरखालच्या लेथवर झिरो टॉलरन्स म्हणजे उत्पादन बंद. (क्वालिटीतली माणसं हे पोस्टर बघून का हसतात, ते आता कळलं असेल.)

शॉप फ्लोअरवर गल्लत कुठून शिरते, तर एका तिसऱ्याच शब्दातून. 'मार्जिन'. "मार्जिन किती आहे?" हा प्रश्न आपल्याकडे दोन्ही अर्थांनी विचारतात. सुपरवायझर सांगतो, "व्यासावर ०.३ मार्जिन ठेव." त्याला म्हणायचं असतं, पुढे हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग आहे, तिथे घासायला ०.३ मिलिमीटर मटेरियल जास्त राहू दे. ऐकणारा नवा असेल तर तो समजतो, ०.३ पर्यंत कमी-जास्त झालं तरी चालेल. तो ०.१ कमी काढतो आणि निश्चिंत राहतो. पार्ट हार्डनिंगला जाऊन येतो, ग्राइंडिंगवाला लावतो, आणि घासायला काही उरलेलंच नसतं. संपूर्ण लॉट भंगार. मग रिपोर्टमध्ये 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहितात. माझ्या मते हा निष्काळजीपणा नाही, शब्दाचा अपघात आहे. "घासायला ठेव" आणि "कमी-जास्त चालेल" असं साध्या मराठीत बोललं तर होणार नाही.

फाउंड्रीत हाच अलाउन्स डोळ्यांना दिसतो. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. पोलाद त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून पॅटर्न बनवणारा लाकडी नमुना मुद्दाम मोठा करतो. त्याच्याकडची खास पट्टीच तेवढी लांब आखलेली असते, तिच्यावरचा एक मीटर आपल्या मीटरपेक्षा मोठा असतो. नमुना वाळूतून सुटावा म्हणून कडांना उतार देतात, तोही अलाउन्स. आणि एक उलटा आहे. वाळूतून काढताना पॅटर्न ठोकून हलवतात, त्यामुळे साचा किंचित मोठा होतो, म्हणून पॅटर्न तेवढा लहान करायचा. मायाच, पण उणी.

आता हे शब्द आले कुठून? टॉलरन्सचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ भार उचलणे, पेलणे. भाषेचे अभ्यासक ते आपल्या 'तुले'च्या मुळाशी जोडतात. म्हणजे तोल, तोलणे, तोळा हे टॉलरन्सचे लांबचे चुलतभाऊ. जो भार तोलून धरतो तो टॉलरंट. डॉक्टरांकडे हा मूळ अर्थ शाबूत आहे. गरोदर बाईची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करतात तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर बघतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. प्रश्न एवढाच, शरीराला साखरेचा भार पेलला का? पण त्याच दवाखान्यात औषधाचा टॉलरन्स म्हटलं की अर्थ फिरतो. शरीर औषधाला सरावलं आणि तोच डोस पुरेना झाला, तर टॉलरन्स आला म्हणतात. जंतूंबद्दल तर अजून बारीक भेद आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून अँटिबायोटिक हा शब्द आपल्या पट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून सांगतो. जंतू रेझिस्टंट झाला म्हणजे तो औषधाच्या नाकावर टिच्चून वाढतो. टॉलरंट जंतू वाढत नाही, नुसता तग धरून बसतो आणि औषध थांबलं की उठतो. म्हणजे समाजात टॉलरन्स जास्त असला तर चांगलं, मशिनवर जास्त असला तर काम स्वस्त पण ढिलं, आणि जंतूत असला तर आजार परत. शब्द एकच.

अलाउन्सची कथा वेगळी. जुन्या फ्रेंचमधल्या एका क्रियापदात लॅटिनचे दोन शब्द येऊन मिसळले. एकाचा अर्थ वाखाणणे, पसंत करणे. दुसऱ्याचा अर्थ जागा नेमून देणे, वाटून देणे. म्हणून अलाउ म्हणजे परवानगीही आणि अलाउन्स म्हणजे नेमून दिलेला वाटाही. आपल्या 'भत्त्या'चं मूळ भक्त म्हणजे अन्न, भात हे मानलं जातं. शिपाई मोहिमेवर गेला की त्याच्या जेवणाखाणाचे म्हणून वेगळे पैसे, तो भत्ता. ईस्ट इंडिया कंपनीने शब्दही उचलला आणि पद्धतही. १७६६ साली क्लाइव्हने दुप्पट भत्ता बंद केला, तर बंगालमधल्या कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी सामूहिक राजीनाम्यांचं बंड केलं होतं. पगार तोच होता, भत्ता गेला होता.

तर भत्ता हाही नेमून दिलेला, काही कारणासाठी दिलेला. कारण लक्षात ठेवा, पगाराच्या स्लिपवर सगळा खेळ त्याचाच आहे.

पण स्लिपच्या आधी टार्गेट, कारण तिथेही एक अलाउन्स आहे आणि तो कामगाराला कुणी सांगत नाही. टाइम स्टडीवाला घड्याळ घेऊन उभा राहतो, समजा एका पिसाला सर्वसाधारण वेगाने ६० सेकंद निघतात. ही झाली नॉर्मल वेळ. टार्गेट यावर ठरवायचं नसतं. माणूस पाणी पितो, लघवीला जातो, थकतो. म्हणून त्यात रिलॅक्सेशन अलाउन्स घालतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्क स्टडीच्या पुस्तकातला नेहमी वापरला जाणारा तक्ता पुरुषांसाठी व्यक्तिगत गरजांचे ५ टक्के आणि मूळ थकव्याचे ४ टक्के धरतो, बायकांसाठी ७ आणि ४. उभं राहून काम, वजन, उष्णता, आवाज यांचे आणखी वेगळे. नुसते ९ टक्के धरले तरी ६० चे ६५.४ सेकंद होतात. आठ तासांतून जेवणाचा अर्धा तास काढला की उरले ४५० मिनिटं. अलाउन्स न धरता टार्गेट ४५०, धरून ४१२. म्हणजे शिफ्टला ३८ पिसांचा फरक. "टार्गेटमध्ये थोडं कमी-जास्त चालवून घेतो" असं कुणी सांगितलं तर तो टॉलरन्स झाला, साहेबाच्या मूडवरचा. अलाउन्स हिशेबात लिहिलेला असतो आणि तो विचारता येतो.

गेटवरचा फरकही असाच. दहा मिनिटं उशीर झाला तर लेट मार्क नाही, ही चूकभूल. जेवणाची सुट्टी ही माया. एक खपवून घेतात, दुसरी दिलेली आहे.

आता स्लिप. हिशेबापुरते आकडे धरू. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १०,०००, खाली 'स्पेशल अलाउन्स' ४,०००. पीएफ १२ टक्के. तो १०,००० वर कापला तर १,२००. १४,००० वर कापला तर १,६८०. महिन्याला ४८० चा फरक, आणि तेवढेच मालकाकडून यायचे असतात (त्यातला काही भाग पेन्शनला जातो). वर्षाचे मिळून ११,५२०. हातात येणारा पगार ४८० ने कमी होतो म्हणून अनेकांना १,२०० वालाच हिशेब गोड वाटतो. तो मालकाला जास्त गोड असतो.

हा अलाउन्स पीएफला धरायचा की नाही? सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात कसोटी सांगितली. जो भत्ता सगळ्यांना सरसकट, नेहमीसाठी मिळतो, तो नावाने काहीही असो, बेसिकचाच भाग. जो जास्तीच्या कामाशी किंवा ठरावीक माणसांच्या खास परिस्थितीशी जोडलेला आहे, तो वेगळा. म्हणजे कोर्टाने शिंप्याचाच प्रश्न विचारला : ही माया कशासाठी ठेवलीत? कारण सांगता आलं नाही तर ते सरळ अंगाचं माप आहे, बेसिकमध्ये धरा. घरभाडं आणि ओव्हरटाइम कायद्यातच वेगळे काढले आहेत. २०१४ मध्ये पीएफसाठीची पगारमर्यादा १५,००० केली होती. बेसिक आधीच मर्यादेच्या वर असेल, तर या वादाने मालकाच्या सक्तीच्या वाट्यात फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो खालच्या पगारावर, म्हणजे कंत्राटी हेल्परला आणि नव्या डिप्लोमावाल्याला.

एक खड्डा इथे आहे. महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या तक्त्यात महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या रकमेलाही 'विशेष भत्ता' म्हणतात. तो महागाई भत्त्याच्या जातीचा आहे, तो पीएफला धरायचाच. कंपनीने स्वतः ठेवलेला 'स्पेशल अलाउन्स' ही दुसरी गोष्ट. नाव एकच असल्यामुळे एचआरच्या टेबलावर दोघंही वेगवेगळ्या भत्त्यांबद्दल भांडत बसतात. आधी विचारा, कुठला?

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत अजून एक दोरी आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. म्हणजे सरकारने अलाउन्सलाच वरची हद्द आखून दिली. ड्रॉइंगवर असते तशी.

आता त्या मुलाच्या इंटरव्ह्यूकडे. पुन्हा विचारलं तर व्याख्या पाठ म्हणू नकोस. कागद माग, दोन आडवे पट्टे काढ, वर बोअर, खाली पिन. प्रत्येक पट्ट्याची जाडी दाखव, "हा टॉलरन्स, बनवताना होणारी कमी-जास्त, प्रत्येक पार्टची वेगळी." मग दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेव, "हा अलाउन्स, डिझायनरने मुद्दाम ठेवलेला, दोन्ही पार्ट मिळून." मग पिनचा पट्टा बोअरच्या पट्ट्याच्या पूर्ण वर काढून दाखव आणि सांग, "इथे तो उणे आहे, प्रेस फिट." मराठीत बोललास तरी चालेल, पट्टे बरोबर आले की समोरच्याला कळतं. आणि ऑफर लेटर आलं की त्यातल्या प्रत्येक अलाउन्सपुढे पेन्सिलने लिही, कशासाठी.

पुढचा भाग 'फिट' आणि 'फिनिश'वर. स्लिपबद्दल प्रश्न विचारायचे असतील तर फोटो जरूर पाठवा, फक्त नाव आणि यूएएन नंबर आधी खोडा.